फोडलेला शब्द

पिंपळे गुरवच्या उद्धव जगतापाला गावानं ‘राव’ लावायला सुरुवात केली ती पंचावन्न सालच्या दिवाळीनंतर. तोवर तो सगळ्यांचा उद्धवाच होता. बी. ए. झालेला, दोन वर्षं नोकरीसाठी पुण्याला खेटे घालणारा, आणि घरी असला की बापाची बोलणी खात गुरांना वैरण टाकणारा. मग नदीपलीकडे, रेल्वेलाइन आणि मुंबई रस्ता यांच्या मधल्या माळावर इंजेक्शनच्या काचेच्या शिश्यांचा कारखाना उभा राहायला लागला. त्याची यंत्रं जर्मनीहून आली आणि ती बसवायला ब्रेमर नावाचा एक जर्मन साहेब आला. मजूर त्याला ‘भ्रमरसाहेब’ म्हणत. साहेबाला इंग्रजी जेमतेम येत होतं, म्हणून कारखान्यानं दुभाष्या पाहिजे अशी पेपरात जाहिरात दिली. उद्धवनं कॉलेजात दोन वर्षं जर्मन घेतलेलं होतं. संस्कृतच्या व्याकरणाची धास्ती वाटली म्हणून घेतलेलं, एवढंच त्याचं कारण. पण आता त्याचंच सोनं झालं.

ही भाषा त्याला मोघे सरांनी शिकवली होती. सर सांगत, जर्मन शब्द कितीही लांबलचक असला तरी घाबरायचं नाही, तो आगगाडीसारखा असतो, डबे सुटे करायचे आणि शेवटच्या डब्यापासून वाचत यायचं. ‘हांडशू’ म्हणजे हाताचा जोडा, म्हणजेच हातमोजा. ‘क्रांकनहाउस’ म्हणजे आजाऱ्यांचं घर, म्हणजे इस्पितळ. उद्धवला ही युक्ती फार आवडली होती. संध्याकाळी पारावर बसून तो चार माणसांत असे शब्द फोडून दाखवी, आणि म्हातारीकोतारी माणसंसुद्धा माना डोलवीत. खरं म्हणजे त्याचं जर्मन पुस्तकी होतं. साहेब भराभर बोलायला लागला की दहांतले चार शब्द त्याच्या हाती लागत. उरलेले तो या चारांच्या आधारानं जुळवी. यंत्राच्या कामात हे खपून जाई, कारण तिथं साहेब बोटानं दाखवी आणि फिटर डोळ्यांनी समजे. ‘समजलं?’ असं साहेबानं विचारलं की उद्धव ‘या’, म्हणजे ‘हो’, म्हणे. तीन महिन्यांत त्यानं एकदाही ‘नाही’ म्हटलं नव्हतं. नाही म्हणणारा दुभाष्या कशाला ठेवतील, असं त्याला वाटे.

जानेवारीतल्या एका गुरुवारी सोनबाच्या पायात खिळा गेला.

सोनबा त्याच्याच गावचा. दोन आळ्या सोडून घर. पस्तिशीचा, उंचापुरा, पेट्या उतरवायच्या कामावर होता. उद्धव त्याला लहानपणापासून दादा म्हणे. जर्मनीहून आलेल्या पेट्यांच्या फळ्या जिथं टाकल्या होत्या तिथं पूर्वी बैल बांधत. सगळी शेणामातीची जमीन. गंजका खिळा वर आलेल्या एका फळीवर सोनबाचा पाय पडला आणि खिळा टाचेत बोटभर शिरला. त्यानं तो स्वतःच उपटून काढला आणि लंगडत कामाला लागला. साहेबानं ते पाहिलं. त्याला दगडावर बसवलं, जखम दाबून रक्त काढलं, वर आयोडीन ओतलं आणि उद्धवला हाक मारली. लढाईत ब्रेमरसाहेब जखमींच्या तंबूत कामाला होता, असं तो एकदा बोलला होता.

साहेब उद्धवशी भराभर बोलला. मागं जनरेटर धडधडत होता, भट्टीचा एक अवजड भाग साखळीवर लोंबकळत होता आणि फिटर साहेबाच्या नावानं ओरडत होते. उद्धवच्या कानांत ‘पाय’ शिरला, ‘आज’ शिरलं, आणि एक लांबलचक शब्द दोनदा शिरला. वुंटश्टारक्राम्फ. हा शब्द त्यानं कधी ऐकला नव्हता. साहेब साखळीकडे धावता धावता मागं वळला आणि म्हणाला, ‘समजलं?’

उद्धव म्हणाला, ‘या.’

मग त्यानं शब्द फोडला. शेवटचा डबा क्राम्फ, म्हणजे पेटका, गोळा येणं. मधला श्टार, म्हणजे ताठ. पहिला वुंट, म्हणजे जखम. जखमेनं ताठून येणारा पेटका. तिन्ही तुकडे बरोबर होते. त्याला मनातून बरंच वाटलं. सोनबा वर बघत होता, त्याला तो म्हणाला, “साहेब म्हणतात, पाय आखडंल, पेटके येतील. घाबरायचं काम नाही. रात्री गरम तेल चोळा.”

तेलाचं साहेब काही बोलला नव्हता. पण पेटक्यावर गावात तेलच चोळतात, आणि निरोप नुसता पेटक्यावर संपवला तर तो अर्धवट वाटला असता, म्हणून त्यानं ते पदरचं घातलं.

सोनबा म्हणाला, “व्हय, चोळतो की.”

रविवारी सुट्टी होती. दुपारी जेवण झाल्यावर उद्धव ओसरीवर पडला होता, आणि तो शब्द त्याला पुन्हा आठवला. संशय म्हणून नाही. पारावर सांगायला नवा शब्द मिळाला म्हणून. नक्की स्पेलिंग काय असेल ते बघावं असं मनात आलं आणि त्यानं ट्रंकेतून कॉलेजातला जाडजूड जर्मन-इंग्रजी कोश काढला. शब्द सापडला. त्याच्यापुढं इंग्रजीत एकच शब्द छापलेला होता, टेटॅनस.

इंग्रजी शब्दाचं मराठी करायला त्याला कोश लागला नाही. धनुर्वात. त्याच्या थोरल्या बहिणीचं पहिलं मूल बाराव्या दिवशी ह्यानंच गेलं होतं. तेव्हा उद्धव नऊ वर्षांचा होता, आणि ते मूल कसं कमानीसारखं होत होतं ते त्यानं दाराच्या फटीतून पाहिलं होतं.

त्यानं कोश मिटला, सदरा चढवला आणि तडक सोनबाच्या घराची वाट धरली. साहेबाच्या ‘आज’चा अर्थ आता लागला, आजच सुई टोचून घ्या. वाटेत त्यानं वाक्यंही जुळवली. दादा, माझी चूक झाली. साहेबांनी सुई टोचून घ्यायला सांगितलं होतं, उद्या पहिल्या गाडीनं पुण्याला जाऊ.

सोनबा अंगणात लिंबाच्या सावलीत बसून सुंभ वळत होता. टाचेला चिंधी बांधलेली होती. उद्धवला बघून तो उठायला लागला, तसं उद्धवनं त्याला बसवलं. पाय कसा आहे, विचारलं. सोनबानं पाय हलवून दाखवला. सूज उतरली होती, ठणका नव्हता, तेलानं चांगला आराम पडला, असं तो म्हणाला. त्याची बायको सगुणाबाई चहाचा पितळी पेला घेऊन बाहेर आली. कुणाच्या पायात काटा मोडला तर कोण चौकशीला येतंय, आणि भाऊजी एवढे शिकले तरी सुट्टीच्या दिवशी घरी येऊन विचारपूस करतात, असं ती शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली.

उद्धवनं चहा घेतला. गुळाचा होता, आलं घातलेला. जुळवलेली वाक्यं घशाशी आली आणि चहाबरोबर परत खाली गेली. सांगायचं तर तेलाचं आधी सांगावं लागणार. तेलाचं सांगितलं की सगुणाबाई पेला हातात धरून बघत राहणार. बरं, काही निमित्त काढून नुसतंच ‘सुई टोचून घ्या’ म्हणावं, तर सोनबाला पुण्याला जायला खाडा पडणार, खाड्याला साहेबाची चिठ्ठी लागणार, आणि साहेब विचारणार, ‘अजून टोचली नाही?’ कुठूनही निघालं तरी वाट त्याच एका ठिकाणी येत होती. आणि पाय तर बरा दिसत होता. गावात किती जणांच्या पायात खिळे जातात. उद्धवनं पेला खाली ठेवला, पिकापाण्याचे दोन शब्द बोलला आणि घरी आला.

सोमवारी सोनबा कामावर आला. मंगळवारी आला. रोज सकाळी उद्धव आधी त्याच्या चालण्याकडे बघे आणि मग हजेरीच्या टेबलाकडे वळे. बुधवारी सोनबा एकटा पेटी उचलताना दिसला, तेव्हा उद्धवला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली. गुरुवारी त्यानं स्वतःला सांगितलं की आता आठवडा झाला, आता काही होत नाही. शुक्रवारी दुपारी भाकरी खाताना सोनबा गाल चोळत होता. दाढ दुखती, असं तो कुणाला तरी म्हणाला. उद्धव पाच पावलांवर उभा होता. त्यानं ते ऐकलं आणि तो दुसरीकडे गेला.

शनिवारी सकाळी सोनबाचा धाकटा भाऊ भिमाजी फाटकापाशी धापा टाकत आला. रात्रीपासून दादाचं तोंडच उघडत नाही, दातखीळ बसली आहे, पाणीसुद्धा कडेनं गळतं, आणि चेहरा हसल्यासारखा दिसतो पण तो हसत नाही. हे उद्धवनं साहेबाला सांगायच्या आधीच साहेबानं भिमाजीच्या हातवाऱ्यांवरून ओळखलं. त्याचा लाल चेहरा पांढरा पडला. त्यानं उद्धवचा दंड धरला आणि विचारलं, “सुई? त्याला सुई टोचली होती ना?”

उद्धव म्हणाला, “मी सांगितलं होतं. तो गेला नाही.”

दोन छोटी वाक्यं होती. जर्मनमध्ये तो एवढं शुद्ध आणि पटकन कधीच बोलला नव्हता. साहेबानं दंड सोडला, हताशपणे मान हलवली आणि जीप काढायला सांगितली. आपण काय बोललो हे शेजारी उभ्या असलेल्या भिमाजीला कळलं नाही, हे उद्धवच्या ध्यानात आलं, आणि त्याला स्वतःच्या अंगाचा वास आल्यासारखं झालं.

जीप नदीपर्यंतच जाऊ शकत होती. सोनबाला बाजेवर घालून चौघांनी गुडघाभर पाण्यातून अलीकडे आणलं. सगुणाबाई लुगडं भिजवत मागून आली. जीपमध्ये त्याला मागं आडवं निजवलं, डोक्याशी ती बसली, पायांशी उद्धव. रस्त्याला खाच आली की सोनबाचं अंग ताठे. दापोडीजवळ बाजूच्या रुळांवरून गाडी आली आणि इंजिनानं शिटी दिली. ती शिटी ऐकताच सोनबाचं सगळं अंग वर उचललं गेलं. डोकं आणि टाचा तेवढ्या खाली टेकलेल्या, मधलं सगळं धड कमानीसारखं वर. दातांतून आवाज आला, पण शब्द नाही. तो शुद्धीवर होता. त्याला सगळं कळत होतं. त्याचे डोळे उद्धवकडे होते, आणि त्यांत राग नव्हता, नुसती भीती होती, आणि हा शिकलेला माणूस आपल्याबरोबर आहे याचा आधार होता. पुढच्या सीटवरून साहेब मागं वळला आणि तोच शब्द हळू आवाजात म्हणाला. ह्या वेळी उद्धवला तो फोडावा लागला नाही.

पुण्याच्या सरकारी इस्पितळात तरुण डॉक्टर होता. त्यानं सोनबाला आत घेतलं आणि बाहेर येऊन सगुणाबाईला विचारलं, खिळा कधी गेला, आणि त्यावर काय केलं.

“तेल चोळलं,” सगुणाबाई म्हणाली. “सायबानं सांगितलं व्हतं. भाऊजींनी निरोप दिला.”

डॉक्टरनं साहेबाकडे असं पाहिलं की एवढ्या मोठ्या देशातून आलेला माणूस आणि तेल चोळायला सांगतो. साहेबानं उद्धवला विचारलं, ती काय म्हणाली. उद्धव म्हणाला, ती म्हणते, त्यांनी तेल चोळलं. तेवढंच. साहेबानं सगुणाबाईकडे असं पाहिलं की सांगूनही हे लोक ऐकत नाहीत. आणि सगुणाबाई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिली, कारण दोघंही आपल्यावर का रागावले हे तिला कळेना. तिघांच्या मधे उद्धव उभा होता. तो एक वाक्य बोलला असता तर तिघांच्या नजरा जिथं जायला हव्या होत्या तिथं गेल्या असत्या. तो खिडकीतून बाहेर बघत राहिला.

सोनबाला अंधाऱ्या खोलीत ठेवलं. आवाज नाही, उजेड नाही. दार लागल्याच्या आवाजानंसुद्धा झटका येई. जगेल की नाही ते डॉक्टर सांगत नव्हता. सुई त्याच आठवड्यात टोचली असती तर ही पाळी बहुधा आली नसती, एवढंच तो म्हणाला, आणि तेही उद्धवलाच म्हणाला, कारण तिथं ते समजण्यासारखा तोच एक होता. उद्धव एक दिवसाआड संध्याकाळच्या लोकलनं पुण्याला जाई. सगुणाबाई व्हरांड्यात बसलेली असे. तो तिच्यासाठी भाकरी नेई आणि ती, भाऊजी, तुमचे उपकार फिटायचे नाहीत, असं काहीतरी म्हणे. मग त्यानं भाकरी भिमाजीच्या हाती पाठवायला सुरुवात केली.

एके दिवशी इस्पितळातून निघून तो मोघे सरांच्या खोलीवर गेला. का गेला, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. हा शब्द फार अवघड आहे, चांगल्या चांगल्यांना कळत नाही, असं सरांनी म्हणावं अशी त्याची इच्छा होती. सर आता निवृत्त झाले होते. जुना विद्यार्थी शब्द घेऊन आला म्हणून त्यांना कोण आनंद झाला. त्यांनी पाटीवरच लिहून दाखवलं. ‘क्राम्फ’ आज पेटक्याला म्हणतात, पण फार जुन्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ वाकलेला, वळलेला. म्हणजे बघ, ते म्हणाले, त्यांनी वाकलेलं शरीर पाहिलं आणि आपल्या वैद्यांनी त्यालाच धनुष्य म्हटलं. धनुष्य अधिक वात. दोघांनी एकच गोष्ट पाहिली. पण गंमत अशी की उद्या कुणा जर्मन माणसानं आपला ‘धनुर्वात’ फोडला तर त्याच्या हातात एक धनुष्य आणि थोडा वारा येईल, रोग काही येणार नाही. विग्रह केला की शब्द कुठून आला ते समजतं. तो आज कशाला म्हणतात, ते ज्यांनी तो माणूस पाहिला त्यांनाच विचारावं लागतं.

“ही गोष्ट आम्हाला वर्गात सांगितली नव्हती, सर,” उद्धव म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार होती आणि ती त्यालाच ऐकू आली.

सर पाटी पुसता पुसता थांबले. नसेल सांगितली, ते म्हणाले. तुला कुठं भेटला हा शब्द?

“एका पुस्तकात,” उद्धव म्हणाला, आणि चप्पल घालून निघाला.

सोनबा जगला. एकतीस दिवसांनी त्याला घरी सोडलं. पण झटक्यांच्या जोरानं पाठीचे दोन मणके दबले होते. तो काठी घेऊन कमरेत पुढं झुकून चालायला लागला, आणि ओझं उचलायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं. मार्चच्या अखेरीला तो भिमाजीबरोबर कारखान्यात आला. बसून करायचं काही काम असलं तर बघा, असं सांगायला आला होता.

मॅनेजर दिवेकरांनी कागद तयारच ठेवला होता. इंग्रजीत होता. त्यांनी तो उद्धवच्या हातात दिला आणि सोनबाला मराठीत वाचून दाखवा, अंगठा घ्या, असं सांगितलं. पत्र्याच्या शेडमधली छोटी खोली; टेबलाशी दिवेकर, दाराशी सोनबा आणि भिमाजी, आणि सोनबा आला आहे हे ऐकून हात पुसत आलेला ब्रेमरसाहेब.

उद्धव वाचायला लागला. अमुक तारखेस कामगाराच्या पायास इजा झाली. परदेशी तज्ज्ञांनी दुभाष्यामार्फत त्याच दिवशी इस्पितळात जाऊन सुई टोचून घेण्याची सक्त सूचना दिली. सूचना मिळूनही कामगारानं हयगय केली, सबब त्याच्या आजारपणास कारखाना जबाबदार नसून, त्याचं नाव हजेरीपटावरून—

“थांबा जरा,” सोनबा म्हणाला. “ही सूचना कुनाला दिली?”

उद्धवनं तीच ओळ पुन्हा पाहिली.

“तुमी तर तेल चोळाया सांगितलं व्हतं,” सोनबा म्हणाला. त्यानं हे भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. लिहिणाऱ्याची काहीतरी चूक झाली आहे, ती सुधारून घ्यावी, अशा सुरात म्हटलं.

दिवेकरांनी चष्म्यावरून पाहिलं. आता हे लोक असं काहीतरी म्हणणारच, ते म्हणाले, तुम्ही पुढं वाचा. उद्धवला वाट मोकळी करून दिलेली होती. चारच ओळी उरल्या होत्या. त्यानं कागदाकडे पाहिलं. अक्षरं स्पष्ट होती, सगळे शब्द येत होते, आणि त्याच्या तोंडातून पुढचं निघेना.

त्यानं कागद टेबलावर ठेवला. “दादा,” तो म्हणाला, “साहेब तेलाचं काही बोलले नव्हते. ते मी माझ्या मनानं सांगितलं. साहेबांचा शब्द मला आला नव्हता.”

सोनबा काठीवर भार देऊन उभा होता. त्यानं काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाला, “आला न्हाई तर न्हाई आला. मंग कळला कवा?”

“रविवारी.”

“कंच्या रविवारी?”

“तुमच्या घरी चहा घेतला, त्या.”

भिमाजी पुढं झाला, पण सोनबानं काठी आडवी धरून त्याला अडवलं. तो खाली जमिनीकडे बघत होता. त्याचे ओठ हलले, दिवस मोजत असावा. मग त्यानं मान वर केली आणि उद्धवच्या तोंडाकडे पाहिलं.

साहेबानं काय चाललं आहे ते विचारलं. आता त्याला सांगायला दुसरं कुणी नव्हतं. उद्धवनं सांगितलं. शब्द कळला नाही, तरी हो म्हटलं. नंतर कळला, तरी सांगितलं नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो. विभक्त्या चुकत होत्या, क्रियापदं जागेवर पडत नव्हती, पण साहेबाला सगळं समजत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तो खुर्चीवर बसला. मग एकदम उठला आणि म्हणाला, “मला विचारायचं. मी दाखवलं असतं.” आणि त्या पन्नाशीच्या जाड माणसानं तिथंच, टेबल आणि कपाटाच्या मधे, दातावर दात दाबले, मान मागं टाकली आणि पाठ मागच्या बाजूला कमानीसारखी वाकवली. एका हातानं त्यानं टेबल धरलं होतं. कुणी हसलं नाही. सोनबानं मात्र तोंड फिरवलं आणि तो भिमाजीचा खांदा धरून बाहेर गेला.

दिवेकरांनी तो कागद फाडला आणि चूक दुभाष्याची असं लिहून दुसरा केला. त्यावर सोनबाचा अंगठा नव्हता, उद्धवची सही होती. सोनबाला शिश्या तपासायच्या टेबलावर बसतं काम मिळालं. उद्धवला दुसऱ्या दिवसापासून येऊ नका असं सांगितलं गेलं. पुण्याचा एक मुलगा त्याच्या जागी आला. तो म्हणे साहेबाला दर वाक्याला अडवून अर्थ विचारतो आणि साहेब वैतागतो, पण सांगतो.

गावात बोभाटा व्हायला संध्याकाळसुद्धा लागली नाही. कुणी उद्धवच्या अंगावर धावून गेलं नाही. बाप महिनाभर त्याच्याशी बोलला नाही. आई, ठकुबाई, पाण्याला जायची वेळ बदलून बसली, म्हणजे विहिरीवर सगुणाबाईची गाठ पडणार नाही. उद्धव बापाबरोबर शेतात राबायला लागला आणि पुढं तेच त्याचं काम झालं. पारावर तो फारसा जात नसे. गेला तरी पायरीवर कडेला बसे आणि कुणी कागद वाचायला दिला की मला चष्मा लागलाय असं सांगे. त्याला चष्मा लागला नव्हता.

सोनबा वाटेत भेटला तर थांबे. पाऊस कसा आहे, बैलाचा खूर बरा झाला का, एवढं विचारी आणि काठी टेकत पुढं जाई. त्यानं त्या गोष्टीचा पुन्हा कधी विषय काढला नाही. उद्धवला वाटे, त्यानं एकदा तरी काढावा. भर रस्त्यात शिव्या घालाव्यात. पण सोनबा बैलाच्या खुराचंच विचारी, आणि त्याचं उत्तर देताना उद्धवच्या कानशिलांना ऊब येई.

सगुणाबाई मात्र बोलत नसे. दोन वर्षांनी, भर उन्हाळ्यात, ती एकदा दुपारची त्याच्या दारावरून चालली होती. सोनबा कामावर गेलेला होता. तिच्या हातात घडी घातलेला कागद होता, इस्पितळाचा का कारखान्याचा कोण जाणे, पण बाहेरच्या बाजूला टाइप केलेलं इंग्रजी उद्धवला ओट्यावरून दिसलं. त्या वेळी गावात इंग्रजी वाचणारा दुसरा कुणी नव्हता. मास्तर सुट्टीवर होता. तिला नदी उतरून दापोडीपर्यंत जावं लागणार होतं, आणि ऊन असं होतं की पाखरूसुद्धा बाहेर नव्हतं.

उद्धव उभा राहिला. “वहिनी,” तो म्हणाला.

ती थांबली. तिनं त्याच्याकडे पाहिलं, हातातल्या कागदाकडे पाहिलं. क्षणभर तिला उन्हाचा कंटाळाही आला असावा. मग तिनं कागद पदराखाली घेतला, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि ती नदीच्या वाटेला लागली.

दिवस कलताना ती परत आली. उद्धव तिथंच बसलेला होता. कागदात काय लिहिलं होतं, चांगलं का वाईट, ते त्याला कधीच कळलं नाही.